काचेतलं वैर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपण म्हणतो. एका काचपेटीत दोन भांडखोर मासे राहतात का, हा प्रश्न त्याच जातीचा वाटेल. पण त्याचं उत्तर म्हणीइतकं सरळ नाही. मी ते उत्तर एका चुकीतून शिकू लागलो आणि मग त्या चुकीच्या मागे बराच मोठा इतिहास उभा आहे, असं लक्षात आलं.

2006 सालची गोष्ट. आमच्या घरी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच अशी एक पेटी होती. जेमतेम सव्वाशे लिटर पाणी मावायचं. तिच्यात एक ऑस्कर होता. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला गोड्या पाण्यातला मासा. काळपट अंगावर निखारे विखुरल्यासारखे नारिंगी पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा गोल ठिपका. तो पाळणाऱ्याला ओळखतो. मी खोलीत पाय टाकला की काचेजवळ येऊन अंग घुसळायचा. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने त्याचं नाव शेरू ठेवलं होतं.

एका मित्राची बदली झाली. जाताना तो आपला फ्लॉवरहॉर्न माझ्याकडे सोडून गेला. डोक्यावर मोठं टेंगूळ असलेला, लालभडक, अंगावर काळ्या अक्षरांसारखी नक्षी असलेला तो मासा त्या काळात फार चालत होता. तो घरात असला की बरकत येते, असं विकणारे सांगत. मी ज्याच्याकडून माशांचं खाद्य घ्यायचो, त्या तरुण दुकानदाराने मला बजावलं होतं, ‘‘चाचा, हे दोघं एका टाकीत नका ठेवू. मोठी टाकी घ्या, नाही तर एक माझ्याकडे आणून द्या.’’ मी मनात म्हटलं, दोघं सारख्याच आकाराचे, दोघांनाही पोटभर खायला मिळणार, मग भांडण कशावरून होईल?

रात्री सोडले आणि सकाळी पाहिलं तेव्हा शेरू कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तिरपा उभा होता. पंख फाटलेले, एका बाजूचे खवले उडालेले. फ्लॉवरहॉर्न उरलेल्या पेटीत ऐटीत फिरत होता. मी तसबिरी मढवणाऱ्याकडून मापाची काच कापून आणली आणि पेटीच्या मधोमध बसवली. वाटलं, मिटलं. पण मिटलं नव्हतं. दोघं त्या काचेवर दिवसदिवस धडका देत राहिले. मे महिना आला, भारनियमनाचे तास वाढले, हवेचा पंप बंद पडू लागला, पाणी तापू लागलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. एका दुपारी शेरू गेला. नेमका कशाने, ते मला सांगता येणार नाही. पण आयुष्याचे शेवटचे दोन महिने त्याने अर्ध्या पेटीत, वैऱ्याच्या नजरेसमोर काढले, एवढं मला माहीत आहे आणि त्याला जबाबदार मी होतो.

मुलीने विचारलं, ‘‘अब्बा, पण त्यांचं भांडण कशावरून होतं?’’

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी जे वाचलं, त्यातलं काही आज सांगतो.

प्राण्यांच्या भांडणाची माणसाला हौस फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, साधारण 1129 च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, काय ल्यावं, कसं रमावं याचा तो कोशच आहे. त्यात कोंबड्यांच्या, लावा पक्ष्यांच्या, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या झुंजींची वर्णनं आहेत. ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणही आहे. मात्र त्यातला विनोद म्हणजे गळ टाकून मासे धरण्याची करमणूक. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणतं आमिष आवडतं, हे तिथे इतक्या बारकाईने सांगितलं आहे, की विसाव्या शतकातले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. पुढे लखनौच्या नवाबीत बटेरबाजी गाजली. आपल्या झाडीपट्टीत कोंबड्यांच्या झुंजी लोकांनी पाहिल्या आहेत. 1960 च्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने प्राण्यांना झुंजवणं हा गुन्हा ठरवला. त्या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या माणूस सोडून कोणताही सजीव अशी आहे. म्हणजे त्यात मासाही आला.

माशांच्या झुंजीची खरी परंपरा सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. तिथल्या भातखाचरांत आणि उथळ पाण्यात एक बोटभर लांबीचा मासा राहतो. त्याचं स्थानिक नाव ‘प्ला कात’, अर्थ चावरा मासा. दोन नर समोरासमोर आले की कल्ल्यांवरची झाकणं फुलवतात, पंख उघडतात, रंग गडद करतात आणि तुटून पडतात. लोक पैजा लावत. 1840 साली सयामच्या राजाने असे काही मासे थिओडोर कँटर या ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतल्या डॅनिश डॉक्टरला दिले. त्याने 1849 मध्ये त्यांच्यावर लिहिलं. पुढे 1909 साली टेट रीगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचं आजचं शास्त्रीय नाव ठेवलं. आपल्याकडे दुकानात छोट्या बरणीत एकेकटा ठेवलेला ‘फायटर’ दिसतो, तो हाच. त्याला हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून तो बरणीत तग धरतो. तग धरतो म्हणजे सुखात असतो, असं मात्र नाही. 2019 साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं.

या झुंजींत एक गोष्ट कोणी फारशी पाहत नाही. भातखाचरात दोन नर भिडले तर थोड्या वेळात एक जण हरतो, पंख मिटतो आणि गवतात पळून जातो. जिंकणारा त्याच्यामागे मैलभर जात नाही. हद्द सोडली की भांडण संपलं. बरणीत मात्र पळायला जागा नसते. म्हणून खेळ ‘रंगतो’. झुंज लावणाऱ्याने मासा आणला, हे खरं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने बरणी आणली.

आता या बरणीचा, म्हणजे काचपेटीचा इतिहास. तळ्यात मासे पाळणं जुनंच. फ्रेंच प्रवासी बर्निए सतराव्या शतकात काश्मीरला गेला होता. तिथल्या एका बागेतल्या तळ्यातल्या मोठ्या माशांच्या अंगात सोन्याच्या कड्या होत्या आणि त्या नूरजहाँने घातल्याचं सांगत, असं तो लिहितो. पण ते तळं होतं. वरून पाहायचं, भाकरी टाकायची आणि पुढे चालायचं. माशाला समोरून, त्याच्या पातळीवर, चोवीस तास पाहता येईल अशी सोय एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या भांड्यात दोन छोटे सोनमासे, पाण्यात वाढणारी एक गवतासारखी वनस्पती आणि पुढे काही गोगलगायी ठेवून दाखवलं, की झाडं प्राणवायू देतात, गोगलगायी सडकी पानं खातात आणि पाणी न बदलताही मासे जगतात. ती वनस्पती आपल्या तलावांतही उगवते. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं आणि 1854 साली फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. विदर्भातून मुंबईला जाणाऱ्या शाळेच्या सहलींत ते ठरलेलं असे.

वॉरिंग्टनच्या भांड्यात सगळ्यांचा हिशेब होता. श्वासाचा, अन्नाचा, घाणीचा. एकच हिशेब त्यात नव्हता, तो म्हणजे जागेचा. दोन सोनमासे गरीब स्वभावाचे, म्हणून तो लागलाही नाही. पुढे जगभरातून निरनिराळे मासे आले, तेव्हा तो प्रश्न उभा राहिला.

त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर नेदरलँडमध्ये लायडन शहरातल्या एका प्रयोगशाळेने दिलं. तिथे 1930 च्या दशकात निको टिनबर्गन हे प्राध्यापक स्टिकलबॅक नावाच्या, पाठीवर तीन काटे असलेल्या इवल्याशा माशाचा अभ्यास करत होते. विणीच्या हंगामात या माशाच्या नराचं पोट लाल होतं, तो तळाशी घरटं बांधतो आणि भोवतालची जागा राखतो. दुसरा लाल पोटाचा नर दिसला की धावून जातो. खिडकीत ठेवलेल्या पेट्यांतले हे नर रस्त्यावरून टपालखात्याची लाल गाडी गेली तरी त्या बाजूला धावत. टिनबर्गननी मग मेणाच्या आणि लाकडाच्या ओबडधोबड प्रतिकृती करून पाहिल्या. हुबेहूब माशासारखी, पण लाल नसलेली प्रतिकृती दाखवली, तर मासे फारसे हलत नसत. माशासारखी मुळीच नसलेली, पण खालून लाल रंगवलेली दाखवली, की हल्ला! म्हणजे मासा शत्रू पाहत नव्हता, खूण पाहत होता.

पण मला भावला तो त्यांचा दुसरा प्रयोग. एका पेटीत दोन नर, दोघांची घरटी दोन टोकांना. दोघांना वेगवेगळ्या काचनळ्यांत घातलं. दोन्ही नळ्या पहिल्याच्या घरट्याजवळ नेल्या, तर पहिला हल्ल्याच्या पवित्र्यात आणि दुसरा पळण्याच्या धडपडीत. त्याच नळ्या दुसऱ्याच्या घरट्याजवळ नेल्या, तर सगळं उलट. शूर तो भित्रा झाला, भित्रा तो शूर. मासे तेच, अंतर फक्त काही वितींचं. त्या दिवशी मला मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. भांडण अन्नावरून नव्हतं, स्वभावावरूनही पुरतं नव्हतं. ते ‘इथे कोण’ यावरून होतं. ज्या पेटीत ‘तिथे’ ही जागाच नाही, त्या पेटीत ते संपणार कसं?

दुसरं नाव कोनराड लोरेंझ यांचं. ऑस्ट्रियाचे हे शास्त्रज्ञ टिनबर्गन यांचे मित्र. दोघांनी मिळून कामही केलं होतं. लोरेंझ यांनी घरात कितीतरी मासे पाळले. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ज्या कुळातले, त्या सिक्लिड कुळाचं त्यांना विशेष आकर्षण होतं. 1963 साली त्यांनी जर्मन भाषेत एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘तथाकथित दुष्टपणा’. इंग्रजीत ते ‘ऑन ॲग्रेशन’ या नावाने आलं आणि जगभर खपलं. त्यात सिक्लिड माशांची एक चमत्कारिक हकिगत आहे. एका पेटीत नर-मादीची एकच जोडी ठेवली आणि आजूबाजूला दुसरा कोणीच नसला, तर नराचा राग मादीवर निघतो. कधी तिचा जीवही जातो. त्याच पेटीत आणखी एखादा मासा असला किंवा काचेपलीकडे दुसरी जोडी दिसत असली, की नर तिकडे धावून जातो आणि घरात शांतता नांदते. मासे पाळणाऱ्या जाणत्यांना ही युक्ती ठाऊक असते.

युक्ती पेटीपुरती ठीक आहे. पण लोरेंझ तिथे थांबले नाहीत. प्राण्यांत आणि माणसांत आक्रमकता हौदात पाणी साचावं तशी आतल्या आत साचत जाते आणि तिला कुठेतरी वाट लागते, असं त्यांनी मांडलं. खेळ, स्पर्धा, विज्ञानातली चढाओढ अशा निरुपद्रवी वाटांनी ती काढून द्यावी, असा त्यांचा सल्ला होता. वाचणाऱ्या अनेकांनी मात्र सोयीचं तेवढं उचललं. भांडण रक्तातच आहे, घर सुखी ठेवायचं तर समोर एक शत्रू हवाच, अशी त्याची सोपी आवृत्ती झाली. मला हे वाचताना भीती वाटली. घरातली शांतता शेजाऱ्याच्या वैरावर विकत घ्यायची, ही कल्पना माणसांच्या इतिहासात काय काय करून गेली आहे, हे आपल्याला सांगायला मासे लागत नाहीत.

आणि इथे या दोन मित्रांचं चरित्र आठवल्याशिवाय राहवत नाही. लोरेंझ 1938 साली नाझी पक्षाचे सभासद झाले होते. 1940 च्या आसपास त्यांनी वंशशुद्धीच्या विचाराला बळ देणारं लिखाण केलं. नंतर त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. सैन्यात डॉक्टर म्हणून गेले, 1944 साली रशियनांच्या हाती सापडले आणि 1948 साली सुटून घरी आले. टिनबर्गन यांनी लायडन विद्यापीठातून ज्यू प्राध्यापकांना काढून टाकण्याचा निषेध केला होता. नाझींनी 1942 ते 1944 अशी दोन वर्षं त्यांना ओलीस म्हणून छावणीत ठेवलं. युद्धानंतर 1949 साली केंब्रिजला दोघे पुन्हा भेटले आणि जुना धागा पुन्हा जोडला. 1973 साली कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. दोन शत्रुराष्ट्रांच्या बाजूंची दोन माणसं, एक ओलीस राहिलेला आणि एक ओलीस धरणाऱ्यांच्या पक्षातला, एका मंचावर आली. याला मी क्षमा म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण माणसाला जे जमतं ते माशाला जमत नाही, एवढं तरी यातून दिसतं. मासा नळीतून बाहेर पडून विचार करू शकत नाही.

लोरेंझ यांच्या साचणाऱ्या पाण्याच्या कल्पनेवर पुढे पुष्कळ टीका झाली. 1968 साली टिनबर्गन यांनीही युद्ध आणि शांतता या विषयावर लिहिताना प्राण्यांवरून माणसाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नका, प्राण्यांचा अभ्यास करण्याची पद्धत तेवढी घ्या, असं सांगितलं. 1986 साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात वेगवेगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढलं. युद्ध करण्याची प्रवृत्ती आपल्याला प्राणी-पूर्वजांकडून वारशाने मिळाली आहे, असं म्हणणं विज्ञानाला धरून नाही, हा त्याचा गाभा. 1989 साली युनेस्कोने ते स्वीकारलं.

आता माझ्या त्या दुसऱ्या माशाकडे येतो. फ्लॉवरहॉर्न कुठल्याही नदीत जन्मलेला नाही. 1990 च्या दशकात मलेशियात, मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड जातींचा संकर करून तो घडवला गेला. टेंगूळ मोठं तेवढी किंमत जास्त, रंग लाल तेवढी किंमत जास्त आणि काचेवर बोट ठेवलं की चवताळून येणारा मासा तर सगळ्यात ‘चांगला’. तो चवताळावा म्हणून आरसा दाखवणारेही आहेत. ऑस्करला निदान अमेझॉनचं खोरं आहे. याला मूळ गावच नाही. त्याचं गाव पेटी, त्याची हद्द पेटी. आपणच एक प्राणी भांडखोर म्हणून निवडत, वाढवत न्यायचा आणि मग म्हणायचं की भांडण त्याच्या रक्तात आहे, हा न्याय अजब आहे.

आपल्या पाण्यात भांडखोर मासे नाहीत का? आहेत. मरळ घ्या. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे ढिवर बांधव मरळीबद्दल जे सांगतात, ते कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल. मरळ बेडूक खाते, दुसरे मासे खाते, प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लं खाते. म्हणूनच मरळ पाळणारे लोक पिल्लं आकारानुसार वेगवेगळी करत राहतात. मोठं आणि लहान एकत्र ठेवलं की लहान नाहीसं होतं. तीच मरळ पाणवनस्पतीत जागा साफ करून घरटं करते. नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यात वर-खाली होत असतो आणि खाली आई-बाप पहारा देत असतात. थव्याजवळ जो येईल त्याच्यावर धावून जातात. तिची आक्रमकता आणि तिची माया या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तलाव मोठा असतो, गवत दाट असतं. मरळही राहते, वामही राहते, शिंगाडाही राहतो. पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत.

हे चित्र बिघडलं ते माणसाने पाण्यात नवे पाहुणे सोडल्यावर. आफ्रिकेतला तिलापिया, ज्याला आपण बाजारात चिलापी म्हणतो, 1952 साली भारतात आणला गेला. तोही सिक्लिड कुळातलाच. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि संख्या भराभर वाढते. देशी माशांना तो डोईजड होतोय, असं दिसल्यावर 1959 साली त्याच्या प्रसाराला मनाई झाली. पण पाण्यात सोडलेला मासा कागदाने परत येत नाही. आफ्रिकन मागूर म्हणजे लोक ज्याला थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानेही ती कठोरपणे अमलात आणायला सांगितलं. पेटी ‘साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला चोखतोंड्या मासा आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत सापडतो. तो उडत गेलेला नाही. पेटीचा कंटाळा आला, मासा मोठा झाला की मायेपोटी किंवा आळसापोटी कोणीतरी तो तलावात सोडतं. नागपूरचा गांधीसागर म्हणजे जुना जुम्मा तलाव, गोंड राजांच्या काळातला. फुटाळा भोसल्यांच्या काळातला. अडीच-तीन शतकांची ही पाण्याची वस्ती आहे. नकोसा झालेला मासा तिथे सोडू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. दुकानदाराला परत द्या, कोणा पाळणाऱ्याला द्या. आपल्या घरातलं भांडण गावाच्या तलावावर ढकलणं हे पुण्य नव्हे.

मग प्रश्न राहतो : दोन भांडखोर मासे एका पेटीत ठेवता येतात का? अनुभवी लोक सांगतात, येतात, पण अटी आहेत. एकट्या ऑस्करलाच अडीचशे-तीनशे लिटर पाणी हवं. दोघं असतील तर त्याच्या दुप्पट तरी. दोघांना एकाच दिवशी सोडावं, म्हणजे ‘मी आधीचा’ हा दावा कोणाचाच राहत नाही. नवा मासा आणायचाच झाला तर पेटीतले दगड, लाकडं, मातीची मडकी आधी हलवून टाकावीत, म्हणजे जुन्याचीही हद्द मोडते आणि दोघं नवखे होतात. एकमेकांच्या नजरेआड जाता येईल अशा आडोशाच्या जागा कराव्यात. खायला दोन टोकांना घालावं. आणि एवढं करूनही नाहीच जमलं, तर वेळीच दोन पेट्या कराव्यात. त्यात हार नाही. मात्र एकाच अरुंद पेटीत मध्ये पारदर्शक काच घालून दोघांना आयुष्यभर एकमेकांकडे पाहायला लावणं, हा सगळ्यात वाईट उपाय. तोच मी केला होता. काच जखम थांबवते, वैर थांबवत नाही. मध्ये काही घालायचंच असेल, तर निदान नजर अडेल असं घालावं आणि दोन्ही बाजूंना पुरेशी जागा ठेवावी.

शेवटी आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट. सिक्लिड कुळ मुख्यतः आफ्रिका आणि अमेरिकेतलं. दीड हजाराहून अधिक जाती. पण थोड्या आपल्याही आहेत. गोव्यात आणि कोकणात ज्याला कालुंदर म्हणतात, तो खाडीतला चविष्ट मासा याच कुळातला. त्याचा एक छोटा नारिंगी भाऊबंद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत त्याच पाण्यात राहतो. 1972 साली दोन अभ्यासकांनी या दोघांविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. छोटा नारिंगी मासा मोठ्या कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, त्याला स्वच्छ करतो. मोठा त्यासाठी शांत उभा राहतो. आणि तोच छोटा मासा संधी मिळाली की कालुंदराची अंडी-पिल्लंही पळवतो. तेव्हा कालुंदराचे आई-बाप त्याला हुसकावून लावतात. दोघं एकमेकांचे शत्रू की मित्र? खाडीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. सकाळी हुसकावलेला संध्याकाळी अंग साफ करायला येतो. कारण हुसकावल्यावर जायला पाणी आहे आणि परतायलाही वाट आहे.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. मध्यंतरी तिने पुन्हा विचारलं, ‘‘अब्बा, तेव्हा चूक कोणाची होती? शेरूची की त्या लाल माशाची?’’ या वेळी मला उत्तर देता आलं. म्हटलं, ‘‘बेटा, आपण दोघांची नावं घेतो आणि पेटी कोणी मापली होती, ते विचारायला विसरतो.’’